विद्यार्थ्यांच्या व्हायोलिन-पियानो वादनाला पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

नात्यातल्या किंवा ओळखीतल्या एखाद्या मुलाचे वादन असते म्हणून अशा कार्यक्रमाचे निमंत्रण येते आणि पाश्चात्त्य अभिजात संगीत यापूर्वी कधी समोर बसून ऐकलेले नसल्यामुळे पुष्कळांना जाण्यापूर्वीच संकोच वाटतो. टाळ्या नेमक्या कधी वाजवायच्या, कार्यक्रमपत्रिकेतले आकडे कशाचे, मूल मध्येच अडले तर आपण काय करायचे, हे प्रश्न रास्त आहेत आणि त्यांची उत्तरे अवघड नाहीत. त्याआधी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. विद्यार्थ्यांची मैफल ही व्यावसायिक कलाकाराच्या मैफलीची छोटी नक्कल नसते. घरी आणि शिक्षकांसमोर असंख्य वेळा वाजवलेली रचना परक्या माणसांसमोर, एकदाच आणि न थांबता वाजवता यावी, यासाठीच ती ठेवलेली असते. ही परिस्थिती सरावाच्या खोलीत निर्माण करता येत नाही, तिच्यासाठी श्रोतेच लागतात. पुढच्या बहुतेक सूचना यातूनच निघतात.

कार्यक्रम कोणत्या प्रकारचा आहे हे आधी विचारून घ्यावे

अशा मैफलींचे साधारण दोन प्रकार असतात. पहिल्यात एकाच शिक्षकाचे किंवा एकाच वर्गाचे अनेक विद्यार्थी एकामागून एक वाजवतात. सर्वांत लहान किंवा नवशिकी मुले सुरुवातीला आणि तयारीची मुले शेवटी, असा क्रम बहुधा असतो, आणि एकूण कार्यक्रम तासा-दीड तासाचा होतो. दुसरा प्रकार संगीत महाविद्यालयातला. तिथे पदवीच्या अभ्यासाचा भाग म्हणून एकच विद्यार्थी सगळा कार्यक्रम सादर करतो आणि श्रोत्यांमध्ये परीक्षकही बसलेले असू शकतात. पहिल्या प्रकारात वातावरण घरगुती असते. दुसऱ्यात शांततेची अपेक्षा अधिक काटेकोर असते. कपड्यांबद्दल फार विचार करू नये. नीटनेटके असले म्हणजे झाले, मात्र हालचाल करताना वाजणारे दागिने आणि सळसळणारे कापड टाळावे.

सुरू होण्याच्या दहा-पंधरा मिनिटे आधी पोहोचावे. उशीर झालाच तर दाराबाहेर थांबून आतल्या टाळ्या ऐकू आल्यावरच आत जावे आणि मिळेल त्या मागच्या खुर्चीवर बसावे. वादन सुरू असताना रांगेतून वाट काढत पुढे जाणारा माणूस श्रोत्यांना त्रासदायक असतोच, पण रंगमंचावरच्या दहा वर्षांच्या मुलाला तो आणखी मोठा दिसतो.

कार्यक्रमपत्रिका कशी वाचावी

आधी मिळालेली दहा मिनिटे पत्रिका वाचण्यात घालवावीत, कारण टाळ्यांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर तिच्यातच असते. समजा, एका ओळीत असे लिहिले आहे: विवाल्डी, कॉन्चेर्टो, ए मायनर, ओपस ३ क्रमांक ६, आणि त्याखाली थोडे आत सरकवून अलेग्रो, लार्गो, प्रेस्तो. यातले पहिले नाव रचनाकाराचे. कॉन्चेर्टो म्हणजे एका किंवा अधिक प्रमुख वाद्यांसाठी वाद्यवृंदाच्या साथीने लिहिलेली रचना. ए मायनर हे रचना ज्या सुरावर उभी आहे त्याचे आणि तिच्या स्वरसमूहाच्या जातीचे नाव. ओपस हा प्रकाशनाच्या क्रमाचा आकडा आहे, आणि एकाच ओपसमध्ये अनेक रचना असल्या की त्याच्यापुढे क्रमांक येतो. हा ओपस ३ म्हणजे १७११ मध्ये छापलेला बारा कॉन्चेर्टोंचा संच. व्हायोलिन शिकणारी मुले काही वर्षांच्या तयारीनंतर त्यातल्या सहाव्या कॉन्चेर्टोपर्यंत हमखास येतात. बाखच्या रचनांपुढे बीडब्ल्यूव्ही आणि मोझार्टच्या रचनांपुढे के हे अक्षर दिसते. हे नंतरच्या अभ्यासकांनी केलेल्या सूचींचे क्रमांक आहेत. मोझार्टची सूची क्योखेल यांनी १८६२ मध्ये प्रसिद्ध केली.

आत सरकवून लिहिलेले इटालियन शब्द हे रचनेचे भाग आहेत. अलेग्रो म्हणजे जलद, आंदांते म्हणजे चालत्या लयीत, अदाज्यो आणि लार्गो म्हणजे विलंबित, प्रेस्तो म्हणजे अतिजलद. विद्यार्थी पुष्कळदा संपूर्ण रचना न वाजवता तिचा पहिलाच भाग वाजवतात आणि तेव्हा पत्रिकेत तेवढाच शब्द असतो. विद्यार्थ्याच्या नावाखाली किती भाग आहेत ते मोजून ठेवावे.

पत्रिकेत काही नावे पुन्हा पुन्हा भेटतात. बेथोव्हनचे ‘फ्युर एलिझे’ ही पियानोची छोटी रचना १८१० ची आहे, पण छापून आली १८६७ मध्ये, म्हणजे तो गेल्यानंतर चाळीस वर्षांनी. बाखच्या नावावर सगळीकडे वाजणारा जी मेजरमधला छोटा मिन्युएट (एका जुन्या नृत्याच्या लयीतला तुकडा) हा बाखने आपल्या पत्नीसाठी १७२५ मध्ये सुरू केलेल्या वहीत सापडतो खरा, पण तो मुळात क्रिस्तियान पेट्सोल्ड या रचनाकाराचा आहे. पत्रिकेत अजूनही बाखचे नाव दिसले तर शिक्षकांना चूक दाखवायला जाऊ नये. ती सवय फार जुनी आहे.

कुठे बसावे

श्रोत्यांकडून पाहताना पियानोचा पट्ट्यांचा भाग डावीकडे असतो आणि वादक उजवीकडे तोंड करून बसतो, कारण मोठ्या पियानोचे झाकण एकाच बाजूला उघडते आणि आवाज श्रोत्यांकडे यायचा असेल तर पियानो असाच ठेवावा लागतो. म्हणून ज्यांना बोटे पाहायची आहेत त्यांनी सभागृहाच्या डाव्या अर्ध्या भागात बसावे. उजवीकडून वादकाचा चेहरा दिसतो, हात दिसत नाहीत. केवळ ऐकायचे असेल तर मधल्या रांगा उत्तम. वाजवणाऱ्या मुलाच्या आईवडिलांनी पहिल्या रांगेचा मोह टाळावा, असे माझे मत आहे. नजर उचलली की समोर आईचा काळजीने ताणलेला चेहरा दिसणे हे कोणत्याच मुलाच्या फायद्याचे नसते.

रंगमंचावरची तयारी

प्रत्येक वादनापूर्वी थोडा वेळ जातो आणि नवख्या श्रोत्याला तो फुकट गेल्यासारखा वाटतो; खरे तर पाहण्यासारखे पुष्कळ याच वेळात असते. पियानो वाजवायला आलेली मुलगी बाकाच्या दोन्ही बाजूंच्या मुठी फिरवून तो वर-खाली करते, बसून कोपर पट्ट्यांच्या पातळीला येते का ते पाहते, पाय पोहोचत नसतील तर पायाखाली छोटा पाट सरकवते. चेलो म्हणजे व्हायोलिनसारखेच पण पुष्कळ मोठे, बसून वाजवायचे वाद्य; चेलोवादक वाद्याच्या तळातली धातूची दांडी बाहेर ओढून तिचे टोक जमिनीत घट्ट रोवतो, कारण ती निसटली तर वाजवता वाजवता चेलो पुढे घसरत जातो. गजाच्या केसांना राळ आधीच लावलेली असते. गजाचे केस घोड्याच्या शेपटीचे असतात आणि राळेशिवाय ते तारेवरून नुसते सरकतात, आवाज उमटत नाही.

मग वाद्य लावले जाते. पियानोवरून ए हा स्वर दिला जातो, ज्याची प्रमाण कंपनसंख्या सेकंदाला ४४० मानलेली आहे, आणि व्हायोलिनवादक आपली ए ची तार त्याच्याशी जुळवतो. त्यानंतर तो शेजारच्या दोन तारा एकदम वाजवतो. व्हायोलिनच्या जी, डी, ए, ई या तारांत शेजारच्या दोन तारांमधले अंतर षड्ज-पंचमाचे असते, त्यामुळे दोन्ही तारा एकदम छेडल्या की जुळवणीतला फरक लाटेसारख्या थरथरीतून ऐकू येतो आणि तार जुळत आली की ती थरथर मंदावत जाऊन थांबते. व्हायोलिनहून थोडा मोठा व्हिओला आणि चेलो यांचेही तसेच. फक्त या घराण्यातल्या सर्वांत मोठ्या वाद्याच्या, डबल बेसच्या, तारा षड्ज-मध्यमाच्या अंतराने लावतात. लहान मुलांची वाद्ये बहुधा शिक्षकच लावून देतात. ही मुले वाजवतात ते व्हायोलिनही अर्ध्या, पाव किंवा त्याहून लहान मापाचे असते आणि मूल वाढले की ते बदलावे लागते. वाद्य बदलले की तारेवरच्या स्वरांच्या जागांमधले अंतरही बदलते. चांगले सुरात वाजवणारे मूल एखाद्या वर्षी जरा बेसूर वाटले तर हेही एक कारण असू शकते.

वाद्य लागत असताना हळू आवाजात बोलायला हरकत नाही, असे पुष्कळांना वाटते. माझ्या मते बोलू नये. वादकाला त्या वेळी सभागृहातला सर्वांत बारीक आवाज ऐकायचा असतो.

वादन सुरू झाल्यावर काय ऐकावे

पहिला स्वर येण्याआधीच्या क्षणाकडे लक्ष द्यावे. व्हायोलिन वाजवणारा मुलगा साथीच्या पियानोवादकाकडे पाहतो, श्वास घेतो आणि व्हायोलिनसह मान किंचित उचलतो; त्या एका श्वासातून लय ठरते आणि पियानोवादक ती उचलतो. तयारीचा विद्यार्थी आणि नवशिका यांच्यातला फरक या श्वासातच कळू लागतो. नवशिका तो घ्यायला विसरतो आणि मग पियानोवादकाला त्याच्या गजाकडे पाहून सुरुवात पकडावी लागते.

व्हायोलिन आणि चेलोवर गिटारसारखे पडदे नसतात. प्रत्येक स्वराची जागा बोटाला कानाच्या मदतीने शोधावी लागते आणि बोट केसभर सरकले तरी स्वर उतरतो किंवा चढतो. बोट अचूक पडले की एक गोष्ट कान देऊन ऐकण्यासारखी घडते. व्हायोलिनच्या ए च्या तारेवर तिसऱ्या बोटाने डी वाजवला की शेजारची डी ची मोकळी तार आपणहून झंकारते आणि आवाजाला गोलाई येते. स्वर थोडा जरी ढळला तरी हा झंकार नाहीसा होतो. उजव्या हाताचे काम तर डाव्याहून कठीण आहे. गजाचा वेग, त्याचा दाब आणि घोडीपासूनचे अंतर या तिन्हींवर आवाजाचा पोत ठरतो. म्हणून भराभर वाजवलेल्या अवघड जागांनी दिपून जाण्यापेक्षा संथ भागातला एखादा लांब स्वर ऐकावा. घाबरल्यावर हात कापतो तो अशा लांब स्वरात उघडा पडतो, जलद भागात लपून जातो. सेंट-साँसने १८८६ मध्ये लिहिलेला ‘हंस’ हा चेलोचा तुकडा विद्यार्थ्यांना वाजवायला देतात तो याच कसोटीसाठी. त्यात बोटांची कसरत फारशी नाही, पण गजाला लपायला कुठे जागाच नाही.

पियानोची अडचण याच्या उलट आहे. सूर लावण्याचे काम वाद्य लावणाऱ्याने आधीच केलेले असते आणि पट्टी दाबली की स्वर मिळतो. पण हातोडी तारेवर आदळल्या क्षणापासून तो स्वर विरू लागतो आणि गजासारखा त्याला वाढवता येत नाही. पुढचा स्वर मागचा विरत असताना नेमक्या किती जोराने घ्यायचा, यातूनच धून गायल्यासारखी वाटते. उजव्या पायाखालचे पेडल तारांवरचे दाबक उचलून धरते आणि स्वर वाजत राहू देते. ते वेळेवर सोडले नाही की वेगवेगळे स्वर एकमेकांत मिसळून गढूळ होतात. धून कोणत्या हातात आहे ते शोधावे, आणि दुसरा हात तिला झाकतो की उचलून धरतो ते ऐकावे. एवढे केले तरी पियानोच्या विद्यार्थ्याचे वय नव्हे, तर तयारी कळते. आणखी एक गोष्ट श्रोत्यांच्या लक्षात येत नाही. व्हायोलिनवादक आपले वाद्य बरोबर आणतो, तर पियानोवादकाला सभागृहात असेल तो पियानो वाजवावा लागतो, आणि ८८ पट्ट्यांची गणती सारखी असली तरी त्यांचा जडपणा प्रत्येक पियानोवर वेगळा असतो.

रचनेचा आकार पकडायचा असेल तर परतून येणारी धून मोजावी. ‘फ्युर एलिझे’मध्ये सुरुवातीची धून, मग एक वेगळा भाग, पुन्हा तीच धून, मग डाव्या हाताने एकच स्वर ठोकत राहणारा गडद भाग आणि शेवटी पुन्हा धून, असा क्रम आहे. बाखच्या डी मायनरमधल्या दोन व्हायोलिनांच्या कॉन्चेर्टोत दुसरे व्हायोलिन आधी सुरू होते आणि थोड्याच वेळाने पहिले तीच धून वरच्या स्वरावरून घेऊन येते. इथे दोन विद्यार्थी, किंवा विद्यार्थी आणि शिक्षक, एकमेकांच्या वाक्यांना कसा वाव देतात ते पाहावे. आणि बाखच्या चेलोसाठीच्या सहा स्वीट्सपैकी (नृत्यरचनांच्या मालिकांपैकी) एखादा वाजत असेल तर साथीला पियानोवादक का नाही, असे शेजाऱ्याला विचारू नये. त्या रचना एकट्या चेलोसाठीच लिहिलेल्या आहेत.

कॉन्चेर्टोत मात्र पियानोवादक संपूर्ण वाद्यवृंदाचे काम एकटा करतो. वाद्यवृंदाचे लांबलचक उतारे त्यात पुष्कळदा कापलेले असतात, आणि ते योग्यच आहे, नाहीतर मुलगा दोन-दोन मिनिटे व्हायोलिन खाली धरून उभा राहतो. पियानोवादकाच्या डावीकडे कोणी बसलेले असेल आणि मधूनच उठून पान उलटत असेल तर त्याचेही काम सोपे नाही. पान थोडे लवकर उलटले तरी चालत नाही आणि उशिरा उलटले तर मुळीच नाही.

टाळ्या केव्हा वाजवाव्यात

वादक रंगमंचावर आल्यावर टाळ्या वाजवाव्यात आणि रचना संपूर्ण झाल्यावर वाजवाव्यात. दोन भागांच्या मध्ये वाजवू नयेत, आणि चालू वादनाला मध्येच उघड दाद देण्याची पद्धतही इथे नाही. भाग मोजून ठेवायला सांगितले ते याचसाठी. मोजणी चुकली तर वादकाच्या हातांकडे पाहावे. भाग संपल्यावर व्हायोलिनवादकाचा गज हवेतच राहतो किंवा तो पुढच्या भागासाठी वाद्य तपासू लागतो, पियानोवादकाचे हात पट्ट्यांजवळच असतात. रचना संपली की गज खाली येतो, हात मांडीवर येतात आणि वादक श्रोत्यांकडे वळतो. तोपर्यंत थांबावे. सर्वांत आधी टाळी वाजवण्यात काही विशेष नाही, आणि हळू संपणाऱ्या रचनेत शेवटचा स्वर पूर्ण विरण्याआधी टाळी पडली तर त्या स्वरावर घेतलेली मेहनत वाया जाते.

ही शांतता पूर्वापार चालत आलेली आहे असे मात्र नाही. पॅरिसमध्ये आपल्या सिम्फनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या रचनेचा, पहिला भाग चालू असतानाच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, हे मोझार्टने १७७८ मध्ये वडिलांना लिहिलेल्या पत्रात आनंदाने सांगितले आहे, आणि तिथे टाळ्या पडणार हे त्याला ठाऊकही होते. बेथोव्हनच्या सातव्या सिम्फनीचा दुसरा भाग १८१३ मधल्या पहिल्याच प्रयोगात श्रोत्यांनी पुन्हा वाजवायला लावला. म्हणून कोणी दोन भागांच्या मध्ये टाळी वाजवलीच तर त्याच्याकडे वळून रागाने पाहण्याचे कारण नाही. विद्यार्थ्याला मात्र या शांततेचा प्रत्यक्ष उपयोग होतो, कारण पुढच्या भागाची लय त्याला डोक्यात आणायची असते आणि मध्ये आलेल्या टाळ्यांनी ती मोडते.

वादन अडले तर

पियानोचे विद्यार्थी आणि कॉन्चेर्टो वाजवणारे विद्यार्थी बहुधा पाठ वाजवतात, आणि विसरण्याचे प्रसंग तिथेच येतात. ते कुठे येतात हे कळले तर श्रोत्याचा जीव कमी टांगणीला लागतो. सोनाटाच्या, म्हणजे एक किंवा दोन वाद्यांसाठी लिहिलेल्या अनेक भागांच्या रचनेच्या, पहिल्या भागात एक धून सुरुवातीला येते आणि शेवटाकडे पुन्हा येते. पहिल्या वेळी ती एका वळणाने दुसऱ्या सुराकडे जाते, दुसऱ्या वेळी जवळजवळ तशीच येऊन मूळ सुरातच राहते. बोटांना ही दोन वळणे सारखीच वाटतात. मन क्षणभर दुसरीकडे गेले की बोटे पहिले वळण घेतात आणि वादक अचानक रचनेच्या सुरुवातीकडे परत आलेला असतो. श्रोत्यांना यात चूक ऐकूच येत नाही, फक्त रचना लांबल्यासारखी वाटते. घाम फुटतो तो वादकाला आणि पत्रिका हातात धरून बसलेल्या शिक्षकांना. चांगले शिक्षक यासाठी रचनेत ठिकठिकाणी पुन्हा सुरू करता येतील अशा जागा ठरवून देतात आणि वादक अडला की पुढच्या जागेवर उडी मारतो. साथीचा पियानोवादक अनुभवी असेल तर तोही त्याच क्षणी त्याच्याबरोबर उडी मारतो, इतक्या सहजपणे की काही घडले याचा पत्ताही लागत नाही.

म्हणून वादन थांबले तर काहीही करू नये. सुस्कारा सोडू नये, शेजाऱ्याकडे पाहू नये, धीर देण्यासाठी टाळ्या वाजवू नयेत, कारण त्या टाळ्यांमुळे आता संपले असे समजून मूल उठून जाऊ शकते. स्थिर बसून राहणे हीच मदत. पुन्हा सुरुवात करायची असेल तर ते मूल करील, शिक्षक आवश्यक वाटले तर स्वरलिपीचे पान आणून समोर ठेवतील. तार तुटली तर वादक आत जाऊन ती बदलून येतो, तोपर्यंत वाट पाहावी. नवी तार ताणत राहते आणि पुढे ती थोडी उतरलेली ऐकू येईल.

मोबाइल आणि लहान मुले

मोबाइल संपूर्ण बंद करावा, नुसता मूक ठेवू नये. लाकडी खुर्चीवर त्याचे थरथरणेही ऐकू येते. चित्रीकरणाची परवानगी आधी विचारावी आणि परवानगी असली तरी फक्त आपल्या मुलाचेच चित्रीकरण करावे, फ्लॅश कधीही वापरू नये. सोबत अगदी लहान मूल असेल तर दाराजवळची, रांगेच्या कडेची जागा घ्यावी आणि ते कुरकुरू लागताच, रडण्याची वाट न पाहता, बाहेर न्यावे. आपल्या मुलाचे वादन झाले की निघून जाणे हा मात्र अशा कार्यक्रमांतला सर्वांत सर्रास आढळणारा अविचार आहे. शेवटी वाजवणारे विद्यार्थी सर्वांत तयारीचे असतात, त्यांनी सर्वांत अधिक वेळ वाट पाहिलेली असते, आणि त्यांच्या वाट्याला अर्ध्या रिकाम्या खुर्च्या येतात. शिवाय पुष्कळदा शेवटी सगळी मुले मिळून एकत्र वाजवतात, त्या वेळी आपले मूल रंगमंचावर परत येते.

कार्यक्रम संपल्यावर

वादकाला भेटून काहीतरी नेमके सांगावे. ‘छान वाजवलेस’ हे सगळेच म्हणतात. ‘मधल्या संथ भागातला तो वरचा स्वर फार आवडला’ किंवा ‘धून परत आली तेव्हा तू ती हळू घेतलीस’ असे म्हटले की खरोखर ऐकले गेल्याची खात्री त्याला पटते. वादनात झालेल्या चुकीचा विषय आपण होऊन काढू नये. त्याने स्वतःच काढला तर ती झालीच नाही असेही म्हणू नये, कारण आपली चूक त्याला श्रोत्यांपेक्षा जास्त ठाऊक असते; त्यानंतर पुढे कसे सावरले ते ऐकल्याचे सांगावे. साथीच्या पियानोवादकाचे आभार मानायला पुष्कळ जण विसरतात, आणि संध्याकाळभर सर्वांत अधिक वेळ त्यानेच वाजवलेले असते. फुले द्यायची असतील तर ती बाहेरच्या दालनात, वाद्य पेटीत ठेवून झाल्यावर द्यावीत. वाद्य जवळून पाहायचे असेल तर विचारून पाहावे, मुले आनंदाने दाखवतात. गज हातात घेतला तर तो लाकडाला धरावा. केसांना बोट लावू नये, कारण बोटांच्या तेलाने तेवढ्या जागेवर राळ धरत नाही आणि तिथे तारेचा आवाज तुटतो.